हेलॉट म्हणजे काय

६ जानेवारी, सोमवार

ह्यांना आज घरी आणलं. अठरा दिवस बारामतीच्या दवाखान्यात होते. उजवा हात, उजवा पाय लुळा. तोंड वाकडं. बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत.

चौतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी भाषणं चालूच होती. झटका आला तोही शाळेच्या बक्षीस समारंभात, माइक हातात असताना. पोरांना वाटलं, सर काहीतरी आठवतायत. बराच वेळ सगळे गप्प बसून वाट बघत होते म्हणे.

आता एकच आवाज निघतो — ता. पाणी पाहिजे, ता. कूस बदलायची, ता.

दिवसभर घरात फक्त माझाच आवाज. दचकायला होतं.

८ जानेवारी

आज इथं 'हे' न लिहिता 'तो' लिहिणार. तो झोपलाय. तो घोरतोय. लिहून थोडा वेळ तशीच बसले. काही झालं नाही.

११ जानेवारी, शनिवार

बारामतीला जाऊन आलो. दिपालीनं गाडी आणली होती. मुलगी बारामतीतच असते, एमआयडीसीत कामाला. आमच्या निरवांगीपासून तिथपर्यंत त्याला मागच्या सीटवर आडवा घालून नेला. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. दर खड्ड्याला ता, ता.

बोलायला शिकवणाऱ्या सुप्रिया मॅडम आहेत. दिपालीहून लहान असतील. म्हणाल्या, त्यांना आधीपासून पाठ असलेले शब्द घ्या — आरती, श्लोक, काहीही. मी म्हटलं, आरती कधी म्हटली नाही त्यांनी. पण त्यांनीच लिहिलेलं एक पुस्तक आहे. 'प्राचीन चीन, ग्रीस, रोम : महत्त्वाच्या संज्ञा'. परीक्षेच्या पोरांसाठी. इंदापुरात छापलेलं, चौऱ्याण्णव पानांचं.

मॅडमना फार आवडलं. तेच घ्या म्हणाल्या. तुम्ही विचारायचं, त्यांनी उत्तर द्यायचं. रोज.

मी विचारायचं! त्यानं उत्तर द्यायचं!

पुस्तकाचं नाव निघालं तशी दिपाली उठून बाहेर गाडीपाशी जाऊन थांबली.

१३ जानेवारी

कपाटातून पुस्तक काढलं. ह्याची पक्की प्रत मी तीनदा लिहिली होती. अक्षर बिघडलं म्हणून दोनदा फाडली त्यानं.

मी पणदऱ्याची, दहावी पास. लग्न होऊन आले तेव्हा 'न्हाय' म्हणायचे, 'हितं' म्हणायचे. दर वेळी बोटांच्या पेरांवर त्याची पट्टी बसायची. आता शुद्ध लिहिते, शुद्ध बोलते. मग संज्ञा आल्या. भाकरी थापताना विचारायचा. चुकलं की सगळ्यांना वाढायचं आणि आपण उपाशी राहायचं. शिकवणीची पोरं ओसरीवर बसलेली असली की मला हाक मारायचा. पदर सावरत जायचे. एकदा विचारलं, हेलॉट म्हणजे काय? मी घाबरून म्हटलं, ग्रीकांचा देव. पोरं इतकी हसली! तो म्हणाला, नीट बघून घ्या, अडाणीपणा असा दिसतो.

त्यानंतर पोटात दिपाली असताना पूर्ण पुस्तक पाठ केलं. अजून पाठ आहे. तरी ओसरीवर बोलावणं सुटलं नाही.

आज त्याच्या उशाशी खुर्ची घेतली. रोमचे उमराव आणि रोमची साधी रयत, ह्यांपासून सुरुवात. पॅट्रिशियन? ता. प्लेबियन? ता. चूक, म्हटलं.

चूक! जिभेला चव आली.

१४ जानेवारी, संक्रांत

राजवर्धन येऊन गेला. जुना विद्यार्थी, आता इंदापूरला मोठ्या हुद्द्यावर आहे. सरांच्या पायावर डोकं ठेवलं. डोळे पुसले. म्हणाला, सर नसते तर मी आज कुठंतरी कोयता घेऊन फिरत असतो. मला म्हणाला, काकू, असा माणूस लाभायला भाग्य लागतं.

हसणाऱ्या पोरांत हा पहिल्या ओळीत होता. त्याला आठवत नसेल. मी तिळगूळ दिला.

१९ जानेवारी, रविवार

वरणभात मऊ कालवला. घास तोंडाजवळ नेला आणि विचारलं — पॅटर फॅमिलियास?

रोमन घराचा कर्ता पुरुष. घरच्या सगळ्यांवर त्याचा हक्क. पोटच्या पोराचा जीव घेतला तरी त्याला जाब विचारणारं कुणी नाही. पान एकसष्ट. ह्या संज्ञेवर त्याचा भारी जीव. शिकवताना आवाज चढायचा.

त्यानं तोंड उघडलं. उत्तरासाठी नाही, घासासाठी. मी ताट मागं ओढलं.

पुन्हा विचारलं. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा ओढलं. डावा हात माझ्या मनगटापर्यंत आला, तो बाजूला ठेवला. साडेबारापासून चाललं होतं. अडीचच्या सुमारास म्हणाला, "पॅ... पॅट."

भरवलं. भात गारढोण झाला होता.

२० जानेवारी

आज दोन शब्द. प्ले. लीजन, म्हणजे रोमन पलटण.

२४ जानेवारी

सात. मला रोज सकाळी लवकर जाग येते आता. अंगात हलकं वाटतं.

३० जानेवारी, गुरुवार

चीनचं प्रकरण लावलं. शांग राजे जनावराच्या हाडावर प्रश्न कोरायचे आणि हाड तापवायचे. तडा गेला की तो वाचायचा. तडा हेच उत्तर. पान बारा.

सकाळी अंथरूण ओलं केलं त्यानं. मी बघितलं. बदललं नाही. पुस्तक घेऊन बसले. म्हटलं, अकरा शब्द झाले की चादर बदलू. थंडी होती. त्याचे दात वाजायला लागले. दहा झाले. अकरावा येईना.

तेवढ्यात शेजारची छबूबाई दूध घेऊन आत आली. रोज ती आणि मी मिळून त्याला उठवून बसवतो. तिनं हात घातला. म्हणाली, "वयनी, समदं वलं हाय की. कवापासनं पडल्यात असं?"

आत्ताच झालं, म्हटलं.

छबूबाईनं चादर चाचपली. काठाला वाळली होती. माझ्याकडं बघितलं. मग दोघींनी मिळून बदललं. रोजचा चहा न घेताच ती गेली.

तो माझ्याकडं बघत होता. पूर्वी मी त्याच्याकडं बघायचे तसा. मी पंखा लावला. जानेवारीत. ओलं वाळायला म्हणून. हे इथं लिहिते, कारण दुसरीकडं कुठं सांगू?

५ फेब्रुवारी, बुधवार

इतके दिवस मुद्दाम मागं ठेवला होता तो शब्द आज काढला. हेलॉट म्हणजे काय?

उत्तर मला येतं. स्पार्टाचे दास. जमीन कसायची, पिकवायचं, मालकाच्या कोठारात भरायचं. दर साली स्पार्टाचे लोक त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारायचे, म्हणजे मारलं तरी पाप लागायचं नाही. पान पस्तीस.

त्यानं बराच वेळ घेतला. ओठ हलवत होता. मग डावा हात उचलला, माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "कौसल्या."

आजारी पडल्यापासून पहिल्यांदा माझं नाव घेतलं. स्पष्ट. ल्या सुद्धा.

हिणवलं का? की आपलं चुकलं असं सांगत होता? की दुसरा शब्दच सापडला नाही? तोंड वाकडं असलं की हसतोय का रडतोय ते कळत नाही. मी चूक म्हटलं नाही. बरोबरही म्हटलं नाही. ताट त्याच्यापुढं ठेवून परसात जाऊन उभी राहिले. आत आले तर अर्धा भात अंगावर सांडलेला. डाव्या हातानं खायला बघत होता.

६ फेब्रुवारी

आज न विचारता भरवलं.

७ फेब्रुवारी

विचारून भरवलं. राहवत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बारामती. भाड्याच्या गाडीनं गेलो, दिपालीला सुटी मिळाली नाही. सुप्रिया मॅडमनी तपासलं आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. महिन्यात साठ शब्द! दोन-दोन शब्द जोडतोय. मॅडम म्हणाल्या, काकू, नातेवाईक आठवड्यात कंटाळतात, तुमच्यासारखी मेहनत मी बघितली नाही. बाकीच्या पेशंटांच्या बायकांना सांगाल का, तुम्ही कसं करून घेता?

सांगेन म्हटलं.

तो खुर्चीत होता. मॅडमकडं बघून काहीतरी जुळवत होता. ता... ता... मी पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली. मॅडम म्हणाल्या, बघा, तहान लागलेलीसुद्धा ओळखतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

जे व्हायचं ते झालं.

दिपाली दुपारी आली. सोबत संत्री. बापाच्या पलंगाशी बसून सोलत होती. कर्तव्य म्हणून येते, फार बोलत नाही. मी दारात उभी. त्यानं तिचा हात धरला. एकेक शब्द काढला. मध्ये मध्ये थांबत, पण काढला. "आई... ताट... ओढती. उपाशी. ओलं... ठेवती."

मी शिकवलेले शब्द नव्हते ते. स्वतःचे होते.

दिपालीनं संत्रं खाली ठेवलं. माझ्याकडं वळून बघितलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही. मी म्हटलं, व्हय.

वाटलं, आता ओरडेल. किंवा — खरंच लिहिते — वाटलं, ही तरी समजून घेईल. हिनं तर त्याचं सगळं बघितलंय. ती उठून माझ्याजवळ आली. आवाज अगदी हळू होता.

"आई, हे तुला जमत होतं? मग मी नऊ वर्षांची होते तेव्हा का नाही ओढलंस त्याचं ताट?"

मला कळलं ती कशाबद्दल बोलतेय. ऑस्ट्रासिझम. अथेन्सचे लोक खापराच्या तुकड्यावर नाव लिहायचे, ज्याचं नाव जास्त त्याला दहा वर्षं गावाबाहेर. चौथीतल्या पोरीला ते सांगता येईना. त्यानं फुटक्या माठाची दोन खापरं आणली. एकावर स्वतः 'दिपाली' लिहिलं. दुसरं माझ्या हातात दिलं. म्हणाला, अथेन्समध्ये दहा वर्षं, आपण दहा दिवस करू. दहा दिवस हिच्याशी कुणी बोलायचं नाही.

मी लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं.

दहा दिवस ती माझ्यामागं स्वयंपाकघरात फिरायची. आई, बोल ना. आई, एकदाच. तो शाळेत गेलेला असायचा. घरात फक्त आम्ही दोघी. कुणाला कळलं नसतं! तरी मी बोलले नाही. पाचव्या दिवशी तिला ताप आला. कपाळावर घडी ठेवली. बोलले नाही.

आज म्हटलं, मला भीती वाटायची गं त्याची. ती म्हणाली, "माहीत आहे. मलापण वाटायची. म्हणून तर तुझ्याकडं यायचे."

मग तिनं बापाला संत्र्याच्या फोडी भरवल्या. बिया काढून. एकही प्रश्न न विचारता. तो खात होता आणि रडत होता. त्याच्यावर माया आहे म्हणून भरवत नव्हती ती. तोंडावर तसं काही नव्हतं. भूक लागलेल्याला भरवतात, एवढंच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

'न्यायला येते' असा काल फोन करून दिपाली सकाळी गाडी घेऊन आली. सोबत एक माणूस, उचलायला. बापाला बारामतीला नेलं, कायमचं. मी त्याचे कपडे, औषधं, डब्यात मऊ भात भरून दिला. अंघोळ करून नवं लुगडं नेसले होते. माझीपण पिशवी भरून दारात ठेवली होती.

तिनं त्याची पिशवी उचलली. माझी ओलांडून गेली.

त्याला पुढं बसवला, पट्टा लावला. मागची सीट पूर्ण रिकामी होती.