उन्हात वाघ तरी दिसतो

२० मार्च, गुरुवार

आजही सासूबाई अंधारातच मोहफुलं वेचायला गेल्या! एकट्या, टोपली घेऊन. मी दारातच उभी. डोक्यावर चंद्र होता, पायाखालचं पानसुद्धा दिसत होतं, म्हणून जरा धीर. पण मागच्याच महिन्यात शेजारच्या गावातल्या बाईला वाघानं नेलं— तळ्याच्या पाळीवरून! मी घुग्घुसची, कोळसाखाणींच्या गावची. आमच्याकडे भीती ट्रकची. वाघाची सवय मला नाही आणि व्हायचीही नाही.

उजाडल्यावर जा ना, म्हटलं. तर म्हणे, "मोहा पहाटीच झडते. उशीर केला त हरणं खाऊन जातेत. अन् वरून हे ऊन!"

२३ मार्च, रविवार

स्वप्निल सिमेंटच्या कामावरून एका दिवसासाठी घरी आला. आईला समजाव म्हटलं, तर जेवता जेवता हसतो. "थे माह्यं ऐकते का? तूच सांग." नवरा कसला, पाहुणा आहे!

२६ मार्च, बुधवार

पहाटेचा चंद्र नखाएवढा उरलाय. सासूबाई परत येईपर्यंत चूल पेटवली नाही.

२९ मार्च, अमावस्या

जंगलात कोणीच गेलं नाही. सासूबाई दिवसभर करवादल्या. मी मात्र पोटभर जेवले.

१ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी चंद्राची कोर दिसली! धावत जाऊन सासूबाईंना दाखवली. आता रोज वाढणार, उद्यापासून जा बिनधास्त, म्हटलं. त्या तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या. लगेच टोपली झटकली.

२ एप्रिल, बुधवार

काय करून बसले मी! पहाटे जाग आली, आभाळात बघते तर चंद्र नाहीच. वाढता चंद्र संध्याकाळी दिसतो आणि पहाटेच्या कितीतरी आधी मावळतो— बारावी सायन्स केलं, पण हे डोक्यातच आलं नाही. सासूबाई तोवर गेलेल्या. त्या काळोखात, माझ्या सांगण्यावरून!

शेजारच्या सुकलूभाऊंना उठवलं. ताट बडवत दोघं धावलो. त्या आपल्या झाडाखाली निवांत, चाचपडत वेचताहेत. "काऊन बोंबलून राह्यली? वाघाले बलावतं का?" मी तिथंच रडले.

३ एप्रिल, गुरुवार

टोपली लपवली. ऊन चांगलं वर आल्यावरच दिली.

"आता उनात वेचू का?"

"उन्हात वाघ तरी दिसतो," मी म्हटलं.

सासूबाईंनी ऐकलं. कालचं माझं रडणं पाहून असेल.

५ एप्रिल, शनिवार

आज यायला भर दुपार झाली. तोंड लालबुंद. "या दिसात मोहाले पान नाई, जया. खाली सावली कुठची?" पाणी दिलं, ओला पंचा डोक्यावर ठेवला. दोन दिवस राहू द्या म्हटलं, तर ऐकतात कुठं! फुलं संपत आली म्हणे.

पण खरं सांगू? इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला शांत झोप लागतेय.

७ एप्रिल, सोमवार

सासूबाई वारल्या. दुपारी झाडाखालीच पडलेल्या सापडल्या. अंगावर एक ओरखडा नाही. बाया येतात, हळूच विचारतात, "वाघ का?" मी नाही म्हणते. ऊन लागलं म्हणते. एवढ्या उन्हात त्या गेल्याच कशाला, हे अजून कोणी विचारलं नाही.

स्वप्निल निघालाय. तो विचारेल.