न चावलेल्या कुत्र्यामुळे नाकारलेल्या पेशींबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
पेशीदाता तपासणी विभाग,
दुसरा मजला, मोठे रुग्णालय.

विषय: नातीसाठी अर्जदाराच्या पेशी स्वीकारण्याबाबत.
संदर्भ: 'दाता कायमचा अपात्र' हा आपला शेरा.

महोदय,

अर्जदार सविनय कळवितो की, त्याची नात अस्थिमज्जा बदलल्यापासून काचेच्या खोलीत आहे. तिच्या अंगात विषाणू शिरला असून त्याच्याशी लढायला तिच्या रक्तात सध्या शिपाईच नाहीत. औषधे थकली. या विषाणूला पूर्वी पुरून उरलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी दिल्यास आशा आहे, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरात अशा पेशी एकट्या अर्जदाराच्या निघाल्या, आणि जुळल्याही.

२. घोळ झाला तो तपासणीच्या टेबलावर. पूर्वीचे आजार विचारणारी परिचारिका नवखी होती, एकच प्रश्न दोनदा विचारत होती. तिला हसवावे म्हणून अर्जदाराने सांगितले की, तरुणपणी त्याला पिसाळलेला कुत्रा चावला व त्यात कुत्रा दगावला. शिवाय बोटीवर असताना अनोळखी तापाने अर्धे खलाशी निळे पडले, त्यांत अर्जदार होता. ती हसली नाही. तिने लिहून घेतले.

३. वस्तुतः अर्जदाराने हयातभर घड्याळे दुरुस्त केली. बोट त्याने कॅलेंडरवर पाहिली आहे. हे सांगावयास गेला असता आपल्या कारकुनांनी फर्मावले, "आजोबा, कुत्रा चावला नाही, याचा दाखला आणा." कोणत्या कुत्र्याचा, असे विचारता, "जो चावला नाही त्याचा," असे उत्तर मिळाले. साहेब, असे कुत्रे जगात फार आहेत.

४. अर्जदार लग्नाच्या दिवसापासून थापा मारतो, असे पत्नीचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे. (मजकूर तिच्या इच्छेने लांबला आहे.) शेजाऱ्यांनी त्यावर न वाचताच सह्या केल्या. तेही पुरत नसेल तर रक्त पुन्हा तपासावे, हवे तेवढे काढावे. रक्ताला थापा मारता येत नाहीत.

५. पेशी उद्याच काढाव्या लागतील, नंतर दिल्या तरी उपयोग नाही, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे. आज सकाळी नातीने काचेपलीकडून फोनवर विचारले, "आजोबा, आज गोष्ट नको. खरं सांगा, मी बरी होईन का?" अर्जदाराला जन्मात प्रथमच काही जुळवता आले नाही. "साहेबांना विचारून सांगतो," एवढेच तो म्हणाला. ती फोन धरून बसली आहे.

तरी तिला काय सांगावे, ते कृपया आजच कळवावे.

आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेला,
अर्जदार (मुलीचे आजोबा)
दिनांक: आजचाच