सातवा गाळा

सोमवार, ३ मार्च
नवं शहर, नवी नोकरी आणि पहिल्याच दिवशी प्रेमात पडावी अशी इमारत. सत्तर वर्षांपूर्वीची आठ मजली कचेरी. खाली नुसते खांब, वर काचेचा लांबट पेटारा. नक्षी नाही, कमान नाही, उतरतं छप्पर नाही. सगळं ओझं खांबांनी पेललंय, त्यामुळे खिडक्यांचे पट्टे या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग धावतात. ताकाला जाऊन भांडं लपवणं या इमारतीला ठाऊकच नाही.
दुरुस्तीआधी मजल्यामजल्याची मापं घेऊन नकाशे काढायचे, एवढंच माझं काम. इमारत रिकामी आहे. टेपचं दुसरं टोक धरायला लिफ्टवाले काका दिलेत. बत्तीस वर्षं इथली लिफ्ट चालवली, आता देखरेखीला असतात. आईला फोनवर सांगितलं, महिन्याभरात उरकेल.

मंगळवार, ४ मार्च
तीन मजले झाले. दोन खांबांमधल्या जागेला गाळा म्हणतात. इथे प्रत्येक मजल्यावर सहा मीटरचे सहा गाळे, एकूण छत्तीस मीटर. कुठे नखाएवढाही फरक नाही. काका ‘मापात पाप नको’ म्हणत शून्य भिंतीला चिकटवून धरतात.
दुपारी डबा वाटून घेतला. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, लांब असते. म्हणून मला पोरी म्हणतात. उद्या चौथा मजला म्हटल्यावर मात्र चेहरा उतरला. म्हणाले, तिथली माणसं घंटी वाजवून लिफ्ट बोलवायची आणि मग येतच नसत. दार उघडं धरून थांबावं लागे. पावलं वाजत राहायची, कुठून तरी लांबून. मी म्हटलं, कामचुकार असतील. ते हसले नाहीत.

बुधवार, ५ मार्च
चौथा मजला बेचाळीस भरला. पुन्हा मोजला, बेचाळीसच. खांब मोजत चालले तर गाळे सात. खाली रस्त्यावर जाऊन मोजले तर सहा.
या मजल्यावर नंतर कुणीतरी दुधी काचेचे पडदे लावून खोल्या पाडल्यात, मध्ये अरुंद बोळ. एका टोकाहून दुसरं दिसत नाही. आमच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन केला तर म्हणाले, टेप रबराची घेतलीस का.
मलाही हसू आलं. फोन ठेवल्यावर राहिलं नाही.

गुरुवार, ६ मार्च, सकाळ
अठ्ठेचाळीस.
काका म्हणाले, बाहेरचंच माप लिहून टाक, कोण बघायला येतंय. मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, मापात पाप नको. त्यांनी टेपचं टोक हातात घेतलं. मग म्हणाले, टोक घेऊन मी जातो, तू जिन्यापाशी थांब. मी थांबले. गुडघे त्यांचे दुखतात, मी जायला हवं होतं.

दुपारी अडीच
काका टोक घेऊन आत गेले. थोडा वेळ काचेवर सावली दिसली, मग तीही नाही. प्रत्येक खांबाला आकडा ओरडत होते. सहा. सात. आठ. पन्नास मीटरची टेप संपली.
अजून ताणलेलीच आहे.

पावणेतीन
हाक मारली की ओ देतात, पण बारीक. म्हणतात, भिंत समोरच आहे, दोन पावलांवर. मी म्हटलं, राहू द्या भिंत, परत फिरा. म्हणाले, टेप सोडू नकोस पोरी, हिच्याच धाग्यानं येतो.
म्हणून सोडता येत नाही. गुंडाळी डाव्या हातात आहे. उजव्या हातानं हे लिहितेय.
साहेब फोन उचलत नाहीत.

तीन
काका ओरडून सांगतायत, खिडकीतून त्यांना मी दिसतेय. खाली फुटपाथवर. हात हलवतेय.
मी इथे आहे. घसा फाटेपर्यंत ओरडले. त्यांना ऐकू गेलं नसावं —
ते तिला वर बोलावतायत.

तीन दहा
जिन्यानं कुणी आलं नाही. मी जिन्यातच उभी आहे. लिफ्ट तर बंदच —
टेप सैल पडली. गुंडाळतेय. येतेय. काका येतायत.

पावलं.
दोघांची.

काका बोलतायत, नेहमीसारखं. पोरी म्हणतायत. ती हसली. माझं हसू असंच, आधी नाकातून —
पळावं. पण काका —

आता आकडे ती ओरडतेय. उलटे. चार. तीन. काकांचा आवाज थांबला.

दुधी काचेवर सावली एकच. काकांची नाही. उंची माझ्या —

दोन —