सात फुटी ओंडका

२ मार्च, सकाळी ७
रेसिडेन्सीचा, म्हणजे कलाकेंद्रात राहून शिल्प करण्याचा, पहिला दिवस. केंद्राने दिलेली खोली उत्तम, उजेड उत्तम. मधोमध माझा ओंडका, पूर्ण सात फूट. सहा आठवड्यांत यातून 'उठणारा माणूस' काढायचा, शेवटच्या दिवशी प्रदर्शन, आणि मग फर्निचरच्या कारखान्याला कायमचा रामराम. पंधरा एप्रिलपर्यंत जागा ठेवतो, नंतर दुसरा माणूस घेतो, असं फोरमन म्हणाला. खुशाल घे म्हणावं. संकल्प: रोज पाचला उठणे.

३ मार्च, सव्वानऊ
उशिरा उठलो. प्रवासाचा शीण. त्यात खोलीचं दार नीट लागत नाही. अशाने एकाग्रता कशी होणार? दिवसभर रंधा मारून दार सरळ केलं. उद्यापासून शिल्प.

७ मार्च
शेजारच्या नर्तकीच्या खोलीतली लाकडी जमीन करकरते. तिला ताल सापडत नाही म्हणे. कलावंताने कलावंताला नाही म्हणू नये. ओंडक्याच्या माथ्याचा वीतभर तुकडा कापून पाचरी ठोकल्या. आता सव्वासहा फूट. उलट प्रमाण सुधारलं.

१५ मार्च
स्वयंपाकाच्या मावशींचं स्टूल मोडलं. त्यांनी काही मागितलं नाही, पण माझ्याकडे बघितलं. चार पायांत दोन फूट गेलं. माणूस बसलेला करायचं ठरवलं. बसलेला माणूसही कधी तरी उठणारच.

२२ मार्च
हिचा फोन. काम कुठवर आलं, तीनदा विचारलं. अनावश्यक भाग निघून चाललाय, म्हणालो. खूश झाली. प्रदर्शनाला रजा काढून येणार आहे. रात्रीचे दोन वाजले, झोप नाही. जेवण जड झालं असावं.

२९ मार्च
प्रदर्शनाला येणारी म्हातारी माणसं टेकणार कुठे, असा प्रश्न संचालिकाबाईंना पडला. मला वेळ नाही, हे स्पष्ट सांगणार होतो. बाक मात्र झकास झाला. उरलंय सव्वा फूट. नुसतं डोकं करायचं. माणसात डोकंच महत्त्वाचं.

५ एप्रिल
पटाशीला धार लावली. दोनदा. तासभर लाकडासमोर बसलो. अंग मोडून आलं. एवढा थकवा येतो म्हणजे आत काम चालू आहे. मधेच ऑफिसातल्या कपाटाची बिजागरी बघून आलो.

११ एप्रिल
हॉलचं दार वाऱ्याने आपटतं. उरलेला तुकडा त्याला लावला. तात्पुरता.

१२ एप्रिल
ही आली. इस्त्रीची साडी, हातात कॅमेरा. मावशींनी तिला स्टूल दाखवलं, नर्तकीने जमिनीवर उडी मारून दाखवली. सगळ्यांची कामं बघून ही बाकावर टेकली, चपला काढल्या.
"तुमचा माणूस कुठे आहे हो?"
ओंडका आतून किडका निघाला, म्हणालो. तिने कॅमेरा पर्समध्ये ठेवला. मग जरा सरकून मला जागा दिली. मीही बसलो.
ओंडका ठणठणीत होता. पहिल्याच सकाळी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि पटाशी परत पिशवीत ठेवली. भीती वाटली. हे लिहायला सहा आठवडे लागले.

१५ एप्रिल
आठला कारखान्यात हजर. फोरमनने कामाचा कागद पुढे केला. शाळेची ऑर्डर आहे. बाक, साठ नग.