बश्यांचं जेवण

जऊळका,
ता. १३ जानेवारी १९७६

चि. केशर हिस देवमनचा सप्रेम जयभीम वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत. तुझ्या सुनेचे दिवस भरत आले म्हणून तुला माझ्याबरोबर नागपूरला येता आलं नाही, ते एका परीनं बरंच झालं. आली असतीस तर त्या हॉटेलात तू मोठ्यानं हसली असतीस आणि मला खाली मान घालावी लागली असती.

बबनराव तुझ्या जावेचा भाऊ. स्थळ तूच सुचवलंस, त्यांचा मुलगाही तुझ्याच घरी मेडशीला येऊन माझ्या पंचफुलाला पाहून गेला. तेव्हा पुढचं सगळं तुलाच ऐकावं लागेल. लग्नाची तारीख ठरवायला या, असं त्यांचं पत्र आलं, म्हणून मी परवा रविवारी गेलो. मला वाटलं, घरी बोलावलंय. तुझ्या वहिनीनं तिळाचे लाडू आणि तुरीच्या हिरव्या शेंगा पिशवीत भरून दिल्या. स्टेशनवर मुलगा, जगदेव, घ्यायला आला होता. तो म्हणाला की घरी नाही जायचं, आपण एका नव्या तऱ्हेच्या हॉटेलात जेवू, आमच्या बँकेतले सगळे साहेब हल्ली तिथंच जातात.

केशर, बाहेर डोळे दिपतील असं ऊन, आणि आत भर दुपारी पडदे ओढून काळोख केलेला. त्यात एक दिवा, तोही लाल कागदाच्या आत. बबनराव आणि जगदेवची आई दुर्गाबाई आधीच येऊन बसले होते. समोरचा माणूस दिसत नव्हता, ताटात काय पडलं ते कुठून दिसणार? पण ताटाचा प्रश्नच नव्हता. तिथं ताट नसतंच. सगळं बश्यांत येतं. आपण चहा ओततो त्या बशीएवढी बशी, ती टेबलाच्या मधोमध ठेवायची आणि चौघांनी तिच्यातून उचलायचं. पहिल्या बशीत एका अंड्याचे सहा तुकडे केलेले. दुसरीत बटाट्याच्या तीन गोळ्या, प्रत्येकीला एकेक काडी टोचलेली. मग बिस्किटावर पांढरं काहीतरी थापलेलं, वर कोथिंबिरीचं एकच पान. एक बशी आली की पहिली उचलून नेत. नेणारा इतका कडक इस्त्रीचा की त्याला अरे म्हणायची छाती होईना.

जगदेव मला समजावत होता की असं थोडं थोडं, गप्पा मारत खायची आता पद्धत आहे. मी मान हलवली. आपल्याकडे आजारी माणसाला असं थोडं थोडं देतात, हे ओठांवर आलं होतं, गिळलं.

तारखेचं बोलणं निघालंच नाही. कशामुळे कोण जाणे, बबनराव मध्येच गप्प झाले. पिशवी मी दुर्गाबाईंच्या हाती दिली आणि दुपारच्या गाडीनं निघालो. अकोल्याला गाडी बदलताना स्टेशनवर पुरी-भाजी खाल्ली, दोनदा मागून घेतली. माणसाचं जेवण ते.

त्यांचं पत्र आलं की कळवीन. नाहीच आलं तरी माझं काही अडलेलं नाही. सुनेला जप. माझ्यावर लोभ आहे तेवढा पुरे, जास्त काळजी नको.

तुझा दादा,
देवमन


मेडशी,
ता. २४ जानेवारी १९७६

ती. दादास केशरचा घरच्या सर्वांसह जयभीम.

तुझं पत्र मी चुलीपुढं बसून वाचलं आणि इतकी हसले की सून उठून पाहायला आली. बिस्किटावर कोथिंबिरीचं एक पान! आपल्या शेळीपुढं ठेवलं असतं तर तिनंसुद्धा तोंड फिरवलं असतं. असल्या हॉटेलात साहेब लोक जात असतील तर ते घरून जेवून जात असतील, माझं ऐक.

पण दादा, हसून झाल्यावर मी पत्र पुन्हा वाचलं. शाळेत पोरांची वही तपासतोस तसं वाचलं. तू बशीचं माप सांगितलंस, तुकडे मोजून सांगितलेस, काड्यासुद्धा सांगितल्यास. चव एकाचीही सांगितली नाहीस. आणि हॉटेलात जेवून आलेला माणूस अकोल्याच्या स्टेशनवर दोनदा पुरी-भाजी मागून घेत नाही. खरं सांग, तू तिथं काय खाल्लंस?

विचारायचं कारण असं. काल जाऊबाई माहेराहून परत आल्या. माझ्याशी धड बोलेनात. शेवटी मीच विचारलं तेव्हा म्हणाल्या की तुह्या भावानं आमच्या भावाच्या अन्नाले बोट लावलं नाही. बश्या आल्या, बश्या गेल्या, गुरुजी मांडीवर हात ठेवून बसून राह्यले. बबनराव घरी येऊन बायकोला म्हणाले म्हणे की इतर लोकायनं आपल्या हातचं खाल्लं नाही, ते आपण जन्मभर पाह्यलं. आपल्याच मानसानं काहून खाऊ नये? त्याले आमची सोयरीक नको असंल तर तसं तोंडानं सांगावं.

आता ते दुसरीकडे पाहणार आहेत. नाशिककडची एक मुलगी सांगून आली आहे.

दादा, तुझं काही अडलेलं नसेल, पण पंचफुलाचं अडलेलं आहे. दिवाळीत जगदेव येऊन गेल्यावर ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली की आत्या, हा मले म्हणाला, ट्रेनिंग सोडू नको, लग्न झाल्यावरही शाळेत नोकरी कर, असं बोलणारा दुसरा कुठून भेटंल. तिनं हे तुला सांगितलं नाही, कारण तू बाप आहेस. मी सांगते आहे.

उलट टपाली उत्तर पाठव. उशीर केलास तर लोभ अर्धा करीन.

तुझी,
केशर


जऊळका,
ता. २८ जानेवारी १९७६

चि. केशर हिस जयभीम.

तुझं पत्र मिळालं. नाशिककडची मुलगी खुशाल करा म्हणावं. तिला बशीतून जेवायची सवय असेल.

हो, मी खाल्लं नाही. काय खायचं होतं? मी वाढप पुरं व्हायची वाट पाहत होतो. मला वाटलं, या बश्या म्हणजे चटणी-कोशिंबीर. अगोदर मांडून ठेवताहेत, मागून ताटं येतील, भाकर येईल, वरण-भात येईल, मग कोणीतरी सुरू करा म्हणेल. अंडं आलं, मी थांबलो. गोळ्या आल्या, थांबलो. ती तिघं खातच होती. मी मनात म्हटलं, शहरात राहून रीत विसरले, आपण कशाला विसरा. मग बडीशेप आली. बडीशेप आली तेव्हा मला कळलं की जेवण होऊन गेलं.

हे मी पहिल्या पत्रात कसं लिहू? सत्तावीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, जेवण कधी सुरू झालं आणि कधी संपलं हेच त्याला समजलं नाही, असं लिहू?

आणि मी थांबलो तो वेडेपणानं नाही. तू लहान होतीस, पण तुला आठवत असेल. गावजेवणात आपली माणसं गोठ्यामागं बसायची, आणि तीही सगळ्यांचं आटोपल्यावर. भाजीचा तळ खरवडलेला यायचा. आबा तिथून घरी आले की हात धूत बसायचे, किती वेळ धुवायचे. मग छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि वस्तीत पहिली पंगत घातली. सगळ्यांची पानं मांडल्यावर ते मध्ये उभे राहिले आणि म्हणाले की आजपासून आपल्यात शेवटच्या मानसाच्या पानात पडल्याबिगर कोनी पयला घास उचलाचा नाही. म्हातारे, पोरं, सगळे थांबले. एवढीशी पोरं वरणाकडे पाहत थांबली. तेव्हापासून मी कुठल्याही पंगतीत आधी घास उचललेला नाही. बबनराव आपलाच माणूस, त्याला हे ठाऊक नसावं? पाहुण्यानं हात लावायच्या आत घरचे खातात, त्या घरात मी मुलगी द्यायची?

तू सांगशील की बबनरावांना पत्र लिही. मी लिहिणार नाही. माझं काही चुकलेलं नाही.

तुझं पत्र पंचफुलानंही वाचलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. वाशीमहून ट्रेनिंग कॉलेजातून येते, ताट वाढते, समोर ठेवते आणि आत जाते. ताटात सगळं असतं. घशाखाली मात्र उतरत नाही. हे कोणाला सांगू नकोस.

लोभ अर्धा केलास तरी चालेल, सगळा काढू नकोस.

देवमन


मेडशी,
ता. ५ फेब्रुवारी १९७६

ती. दादास केशरचा जयभीम.

पहिली गोष्ट, मला नात झाली. परवा पहाटे. दोघी ठणठणीत आहेत, नाक तुझं घेतलंय बिचारीनं.

दुसरी गोष्ट, तू कोणाला सांगू नकोस म्हणालास, म्हणून मी कोणाला काही सांगितलं नाही. तुझं पत्रच पाकिटात घालून बबनरावांना पाठवून दिलं. रागावायचं असेल तर इथं येऊन रागव, त्या निमित्तानं नात पाहशील.

आता तिसरी. ही लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. पण अक्षर तूच शिकवलंस, तेव्हा ते तुझ्याच कामी यावं.

आबांच्या त्या पंगतीचं तू लिहिलंस. मला आठवतं का विचारतोस! मी लहान नव्हते, दादा. माझं लग्न झालेलं होतं, माहेरपणाला आले होते. त्या पंगतीत मी भाकरीची टोपली घेऊन फिरत होते. वहिनी वरण वाढत होती. आणखी तिघी होत्या. शेवटच्या माणसाच्या पानात भाकर मीच टाकली. मग आबांनी हात वर केला आणि तुम्ही सगळे जेवलात. फार चांगलं झालं, माझेही डोळे भरून आले होते. पण शेवटचा माणूस म्हणजे शेवटचा बाप्या, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. तुम्ही उठल्यावर आम्ही पाच जणी बसलो तेव्हा वरण संपलेलं होतं. वहिनीनं भांड्यात पाणी घालून खळबळलं आणि तेच आम्ही भाकरीशी खाल्लं. भाजीचा तळ खरवडला होता, दादा.

वीस वर्षं झाली. तू प्रत्येक पंगतीत ताठ बसतोस, सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबतोस, आणि वहिनी मागून काय जेवते ते तू एकदाही पाहिलेलं नाहीस. त्या हॉटेलाला एवढी नावं ठेवलीस, पण तिथं दुर्गाबाई नवऱ्याच्या शेजारी बसून त्याच बशीतून खात होती ना? तेवढं एक तिथलं बरं होतं म्हणायचं.

तुझं चुकलेलं नाही म्हणतोस. नसेल. अर्धंच बरोबर आहे, एवढंच मी म्हणते.

माया जशी आहे तशीच आहे. ती काही बशीतून देत नाही मी.

तुझी,
केशर


जऊळका,
ता. २३ फेब्रुवारी १९७६

चि. केशर हिस देवमनचा जयभीम. नातीला आशीर्वाद. नाकाबद्दल दिलगीर आहे.

तुझ्या पत्रानंतर मी पंधरा दिवस लिहिलं नाही. आधी रागावलो होतो. मग एके दिवशी माझं जेवण झाल्यावर उठलो नाही, तिथंच बसून राहिलो. तुझ्या वहिनीनं विचारलं की काय पाह्यजे, काहून बसले? मी काही नाही म्हणालो. तिनं टोपलीतली कडेची अर्धी भाकर घेतली, लोखंडी तव्यातला ठेचा पुसून घेतला आणि जेवली. वरण माझ्या दुसऱ्या वाढपात संपलं होतं. मी पोरांना हिशेब शिकवतो, आणि घरातली तीन माणसं मला मोजता आली नाहीत. मला माझी लाज वाटली, केशर.

त्यानंतर चार दिवसांनी बबनरावांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं की त्या दिवशी घरी जाऊन त्यांनीसुद्धा पिठलं-भाकर खाल्ली. हॉटेलची हौस जगदेवची, आणि भाड्याच्या दोन खोल्या गुरुजींना दाखवायची त्यांना स्वतःला लाज वाटली, म्हणून ते हॉटेलला हो म्हणाले. दोघांनीही एकमेकांना मोठं समजून उपाशी ठेवलं, असं झालं ते. पुढं लिहिलं की रविवारी आम्ही तिघं तुमच्याकडे येतो, मात्र माझं पान अगदी शेवटी मांडा.

काल आले. मी तुझ्या वहिनीला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की उद्या तू आणि पंचफुला आमच्याबरोबर पंगतीत बसायचं. ती म्हणाली की येड लागलं काय तुमाले, मंग वाढंल कोन? मी म्हटलं, आधी सगळ्यांच्या ताटात सगळं वाढू, मग सगळेच बसू. शेजारचे धरून आम्ही तेरा जण होतो. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, तुरीचं वरण, भात, शिरा. बबनराव शेवटी बसले. त्यांच्या ताटात वरण पडलं आणि त्यांचा हात भाकरीकडे गेला. मी म्हटलं, थांबा, अजून शेवट आला नाही. त्यांच्यापुढं तुझ्या वहिनीचं ताट मांडलं, तिच्यापुढं पंचफुलाचं. मग पंचफुलानं मला न विचारता आणखी एक ताट आणून मांडलं आणि भरलं. दुर्गाबाईंनी विचारलं की हे कोनाचं? पंचफुला म्हणाली, मेडशीच्या आत्याचं. माझ्याकडे पाहून म्हणाली. महिन्याभरात माझ्याकडे पाहून बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

सगळी ताटं भरली तरी कोणी सुरू करीना. मी बबनरावांकडे पाहत होतो, ते माझ्याकडे. जगदेव बिचारा शिऱ्याकडे. शेवटी तुझी वहिनी म्हणाली की खा ना आता, कायची वाट पाहून राह्यले? आपल्या घरात पंगत सुरू करा असं आजवर बाईनं म्हटलेलं नव्हतं. सगळे जेवले.

तारीख ठरली. वैशाख पौर्णिमेच्या आधीचा रविवार, म्हणजे ९ मे. जगदेव जाताना म्हणाला की त्या हॉटेलातही आता साहेब लोक फारसे जात नाहीत. मी त्याला डब्यात शिरा भरून दिला. बोलायचं फार होतं.

एवढ्या सगळ्या थाटात वरण पार गार झालं होतं, वर साय धरली होती. दुसऱ्यांदा लागलं तेव्हा सवयीनं मी मान वर केली. समोर वाढायला कोणी उभं नव्हतं, सगळ्या जेवत होत्या. मग उठलो आणि माझ्या हातानं वाढून घेतलं. तुझ्या वहिनीच्या ताटातही वाढलं.

लोभ पुरा परत द्यावा. लग्नाला जेवायला ये. वाढायला आलीस तर दारातूनच मेडशीला परत पाठवीन.

तुझा दादा,
देवमन