माडावरची पिवळी फीत

४ मे, सोमवार

निवड झाली! बी.एस्सी.च्या मुलांसाठी उन्हाळी संशोधन प्रकल्प. मी मागितलं होतं सह्याद्रीतलं जंगल. मिळालं काय? वसई! आमच्याच वाड्यांमधली बावखलं! शिंपणासाठी पणजोबांच्या काळात खणलेली गोड्या पाण्याची तळी — त्यात कसलं आलंय संशोधन? मैत्रिणी कोयनेला निघाल्या. मला गावाला वळसा हवा होता, पदरात पडला काखेतला कळसा.

८ मे

पहिला दिवस क्लेमेंट अंकलच्या बावखलावर. अंकल म्हणजे पप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. सकाळभर चतुर मोजले. लाल, निळे, एक तर चक्क जांभळा! एवढे सगळे इथे होते नि मी आजवर त्यांना नुसती हाकलत होते. गाढव आहे मी!

प्रकल्पाच्या हेमांगी मॅडमनी सांगितलंय — मोजून झालं की शेजारच्या माडाला पिवळी फीत बांधायची, म्हणजे पुन्हा येताना ठिकाण चुकत नाही. बांधली. छान दिसते.

आमचं बावखल मुद्दाम शेवटी ठेवलंय. धवलदादा नि मी त्यातच पोहायला शिकलो.

जेवताना पप्पांनी किती विचारलं! "मग ही नोंद पुढे जाते कुठे?" म्हटलं, अहवाल सरकारकडे जाईल, मग बावखलं कुणाला बुजवता येणार नाहीत. हातातला घास तसाच ठेवून ऐकत होते. फार बरं वाटलं.

११ मे

आज तीन बावखलं. नाक सोललंय उन्हानं. फिती संपत आल्या.

१४ मे

अंकलचं बावखल नाही! म्हणजे जागेवरच नाही! दुसऱ्यांदा मोजायला गेले तर नुसती लाल माती, डंपरच्या चाकांचे माग, नि फीतवाला माड. दार वाजवलं. पडदा हलला, कुणी बाहेर आलं नाही. कुणीतरी बिल्डरनं दम दिला असणार. मेल्याचं तळपट होवो!

१५ मे

आणखी दोन गेली. दोन्ही मी मोजलेली! पलीकडच्या, फीत नसलेल्या बावखलात बदकं मजेत पोहतायत.

असं कसं?

१७ मे, रविवार

मिस्सा सुटल्यावर चर्चबाहेर अंकलना गाठलं. वाटच अडवली.

"बाय, तुझी फीत लागली म्हणजे जागा गेली. रस्त्यासाठी जागा घेतल्या तेव्हा बघितलं ना आम्ही. आधी फीत, मग खांब, मग नोटीस."

"अंकल, मी चतुर मोजते हो!"

"ते खरं गं. पण सरकारात तळं म्हणून नाव लागल्यावर आमच्या ज्युडला तिथे घर बांधू देतील काय?"

"तुम्हाला कोण म्हणालं नाव लागणार म्हणून?"

"ऐकलं," म्हणाले, नि स्कूटर काढून गेले.

तीन दिवस मी बिल्डरला शिव्या घालतेय. बिल्डर कुठला? मी! माझी फीत!

१८ मे

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाल्या, "सगळ्या फिती सोड. आजच." सोडल्या. एका माडाची गाठ सुटेना तेव्हा दातांनी तोडली. एक आजी कुंपणाआडून बघत होती, मला बघून देवाचं नाव घेतलं तिनं.

एवढंच नशीब, की आमच्या माडाला बांधलीच नव्हती. उद्या पप्पांना बरोबर घेऊन घरोघर जाते. लोक त्यांचं ऐकतात.

१९ मे

आमच्या बावखलाशी डंपर. माती कुठे टाकायची ते धवलदादा हात करून दाखवत होता.

पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळ्यांना सांगितलं, आपलंच राहिलं होतं. तुझी फीत लागायच्या आत उरकलं."