एका सुईत दोघी

प्रिय ताई,

काही मिनिटं आधी जन्माला आल्याच्या भांडवलावर तू जन्मभर ताईपणा गाजवलास, म्हणून मायना हाच. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणून सटकतेस, आणि मला हे सलग सांगायचंय.

इकडे सगळं ठीक आहे. लेक सासरी गेल्यापासून घर उगाच मोठं वाटतं, एवढंच. शाळेत या आठवड्यात दहावीला डीएनए शिकवला. फळ्यावर तीच ती शिडी काढायचा कंटाळा आला, म्हणून एक लाल आणि एक निळी रिबीन एकमेकींभोवती पिळून नेली, आई आपली पिळाची वेणी घालायची तशी. मध्ये टाचण्यांनी जोड्या लावल्या. अॅडेनिनसमोर थायमिनच, ग्वानिनसमोर सायटोसिनच, दुसऱ्या कुणाशी यांचं जमत नाही. मग पीळ सोडवला, एकच रिबीन हातात धरली आणि विचारलं, दुसरी हरवली तर? मागच्या बाकावरून उत्तर आलं, हिच्यावरून नवी करता येईल. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सगळी गंमत तिथेच आहे. एक बाजू वाचता आली की समोरची लिहून काढता येते. पेशी दुभागायच्या आधी दोन्ही बाजू सुट्या होतात, प्रत्येक बाजू आपली जोडीदारीण नव्याने जुळवून घेते आणि एकाचे दोन होतात, अर्धे जुने, अर्धे नवे. चुका बहुतेक तिथल्या तिथे दुरुस्त होतात. एखादी राहून गेली, तर पुढे तीही तितक्याच इमानदारीने उतरवली जाते. एवढं बोलले आणि रिबिनी गुंडाळून ठेवल्या. तास लवकर सोडून दिला.

आईची वेणी सैल पडायला लागली तेव्हा आपण तिच्यावर किती चिडायचो, आठवतं? मग तिच्या हातून कप निसटायला लागले, मग चाल गेली, शेवटी शब्दही गेले. आजीचंही असंच झालं होतं, हे डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर आपल्या लक्षात आलं. त्यांनी सांगितलं, हे मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी, आणि रक्त तपासलं तर आधीच कळतं. तू तिथल्या तिथे उठलीस. म्हणालीस, “मला कळायचं नाही. कात्री सरळ चालतेय तोवर मी सुखात आहे.” तुझं पार्लर तुझ्या बोटांवर उभं आहे. मी तेव्हा तुझी समजूत घातली नाही, आजही घालणार नाही.

काल कपाट आवरताना आपला तिसरीतला फोटो सापडला. शाळेत लस टोचायला नर्सबाई आल्या त्या वर्षीचा. मी घाबरून बाथरूममध्ये दडून बसले, आणि तू माझी निळी रिबीन बांधून दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिलीस. तुझे दोन्ही दंड सुजले, ताप चढला, आणि हसावं की रागवावं हे आईला कळेना. तुझ्या कपाळावरची पट्टी बदलता बदलता ती मला म्हणाली होती, हिला कधी अंतर देऊ नकोस.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात लेक आली होती. त्यांना मूल हवंय. तिने भीत भीत विचारलं, “आई, तू तपासून घेशील का? तुझ्यात नसेल तर माझ्यातही नसेल.” मी हो म्हटलं. सोमवारी दवाखान्यात जाऊन बसले, बाहीही वर केली. तेवढ्यात तिथल्या समुपदेशक बाईंनी भावंडांचं विचारलं. मी म्हटलं, जुळी बहीण आहे, हुबेहूब. त्यांनी नर्सला थांबवलं. एकाच पेशीतून आपण दोघी झालो, तेव्हा माझा निकाल तोच तुझा निकाल. इतकी वर्षं मी हेच शिकवते, आणि स्वतःची बाही वर करताना माझ्या डोक्यात आलं नाही! निकाल तुला सांगायचा नाही असं ठरवलं, तरी तुझ्यापासून चेहरा कसा लपवू? तो तुझाच आहे. मी बाही खाली केली आणि घरी आले. तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. लेकीला मी समजावीन, आणि तुझ्याबद्दल मनात काही आणणार नाही. हो म्हणालीस, तर माझ्यासोबत ये. सुईची भीती अजून गेलेली नाही. तू नुसती शेजारी बस. या वेळी दोघींना मिळून एकच सुई आहे, आणि हात मी पुढे करणार आहे.

तुझीच,
निळ्या रिबिनीची